सर्वांत जवळचा विमानतळ

"हे ओहायो कुठल्या तालुक्यात आलं?" चंदूशेठनी विचारलं.

क्लबच्या टेबलावर फोडलेल्या नारळाशेजारी वैमानिकाला वाट दाखवणारं ते नवं यंत्र पडलं होतं. नानासाहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि त्यातलं निम्मं बटणांच्या फटीत गेलं होतं. पडदा मात्र लख्ख पेटला होता. त्यावर अमेरिकेतले विमानतळच काय, कुणा शेतकऱ्याचं गवताचं मैदानसुद्धा नावानिशी दिसत होतं. मी बाण दाबत दाबत समुद्र ओलांडून आपल्याकडे आले, तर इकडे पांढरं फटक. रुईघाट नाही, सोलापूर नाही, पुणं नाही.

"बंद पडलं काय गं?" नानासाहेब घाबरले.

"बंद नाही," कॅप्टन चौबळ खिडकीतून म्हणाले. "त्याच्या मते आपण अस्तित्वात नाही."

रुईघाट फ्लाइंग क्लब म्हणजे तालुक्याच्या गावाबाहेरची एक जुनी धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर आणि दोन खुर्च्यांचं एकच विमान. नानासाहेब हिंगमिरे त्याचे अध्यक्ष. बागायतदार माणूस, मनानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. चंदूशेठ गुगळे उपाध्यक्ष. त्यांचं गावात मंगल कार्यालय होतं आणि नानासाहेबांची खोड काढणं हा त्यांचा खरा धंदा होता. हवाई दलातून निवृत्त झालेले कॅप्टन चौबळ आम्हाला उडायला शिकवत. आणि मी शलाका बर्गे, तिथं शिकणारी एकमेव मुलगी. जूनमध्ये एका विमान कंपनीची भरती होती. पुढच्या वर्षी मी त्यांच्या वयाच्या अटीत बसत नव्हते. म्हणजे जूनच्या आत लायसन्स हातात पडलं तर पडलं, नाहीतर घरी बसून मटार सोला.

यंत्र निवडायला रीतसर कमिटी बसली होती. कॅप्टन म्हणाले होते, उन्हात वाचता आलं पाहिजे, साध्या सेलवर चाललं पाहिजे, आणि आपल्या भागाची माहिती त्यात असली पाहिजे, शिवाय ती वरचेवर बदलून घेता आली पाहिजे, कारण विमानतळांच्याही गोष्टी बदलत असतात. नानासाहेब म्हणाले, "आणि मोठं पाहिजे." मग त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याला निरोप गेला. मामाचं शेवटचं वाक्य तेवढं त्याच्या लक्षात राहिलं असावं. यंत्र पाटीएवढं होतं. उन्हात धरलं की त्यात आपलंच तोंड दिसायचं, आणि नानासाहेबांना तेही आवडलं.

"आपल्या भागाचं कार्ड मागवावं लागेल," कॅप्टन म्हणाले. "ते घातलं की अपडेट होईल."

"किती दिवस लागतील?"

"भाच्याला विचारा."

भाच्यानं सांगितलं की कंपनीला पत्र घालतो, बघू. नानासाहेबांना 'बघू' हा शब्द सोसत नसे. "मग त्यात काय एवढं? आपली गावं आपल्याला ठाऊक हायत. आपणच भरू की! शलाका, तुला इंग्रजी येतं. चल जीपमध्ये."

झालं. यंत्रात एक सोय होती. ज्या जागी उभे असाल तिथं बटण दाबायचं की ती जागा त्यात कायमची बसे. मग तिला नाव द्यायचं आणि एक चिन्ह. मी, यंत्र आणि नानासाहेब अशी आमची वरात तालुकाभर फिरायला लागली. जिथं जाऊ तिथं चहा, कांदेपोहे, यंत्राला शाल. एका सरपंचांनी तर यंत्राला पाट मांडला. आणि जीप थांबे तिथं नाही, तर चहा मिळे तिथं बटण दाबलं जायचं. त्यामुळे त्या यंत्रातलं आमचं अख्खं जग कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर होतं.

भांडण लागलं ते चिन्हावरून. नानासाहेबांच्या मळ्याला मी घराचं चिन्ह दिलं.

"हे काय? आणि ते धावपट्टीचं चिन्ह कुणासाठी ठेवलंस?"

"ते विमानतळाला असतं, नाना."

"मग अध्यक्षाला नगं? दे की, तुझ्या बापाचं काय जातंय?"

दिलं. दुसऱ्या दिवशी चंदूशेठ यंत्र घेऊन माझ्यापुढे उभे. "शलाका, नानांच्या उसात विमानतळ आणि माझ्या कार्यालयाला हे टिंब? इतकी वर्षं लोकांची लग्नं लावली मी, माझ्या नशिबी टिंब?" त्यांनाही विमानतळ दिला. मग कॉलेजच्या प्राचार्यांना, पेट्रोलपंपवाल्यांना, साखर कारखान्याच्या संचालकांना. महिन्याभरात आमच्या तालुक्यात इतके विमानतळ झाले की ओहायोनं मान खाली घालावी.

मी कॅप्टनना म्हटलं, "सर, हे बरोबर नाही ना?"

"यंत्र पिशवीत ठेव आणि नकाशा मांडीवर," ते म्हणाले. त्यांचा त्या यंत्राशी संबंध तिथेच संपला.

पण चंदूशेठना स्वस्थ बसवेना. एका बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "नाना, चिन्ह घेतलंत, पण पट्टी कुठाय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

नानासाहेब टोपी घालून थेट मळ्याकडे गेले, आणि तिथेच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं. त्या सालचा ऊस तुटून गेल्यावर त्यांनी पुन्हा फुटव्यासाठी खोडवा ठेवलाच नाही. रान सपाट केलं, मुरूम टाकला, रोलर फिरवला. कडेला लोखंडी काठी सिमेंटमध्ये रोवली आणि तिला भगव्या-पांढऱ्या कनातीची शिवून घेतलेली वाऱ्याची पिशवी बांधली, वारा कुठून येतो ते वैमानिकाला वरून दिसावं म्हणून. कोनशिला बसवली: 'श्री. नानासाहेब हिंगमिरे धावपट्टी'. गावजेवण घातलं. बँड लावला.

"मी इथं विमान उतरवणार नाही," कॅप्टननी जिलेबी खाता खाताच सांगितलं. "परवानगी नाही. माझे विद्यार्थीही उतरणार नाहीत."

"नका उतरू," नानासाहेब म्हणाले. "पण असू तर द्या."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. फ्लाइंग क्लबचा हा अध्यक्ष आयुष्यात एकदाच विमानात बसला होता. कानात काहीतरी दोष होता त्यांच्या. विमान जमीन सोडतं न सोडतं तोच त्यांना अशी भोवळ आली की दोन दिवस उठता आलं नाही. त्यानंतर ते खालूनच उडत. पट्टी झाल्यापासून रोज सकाळी ते त्या पिशवीखाली जाऊन उभे राहायचे आणि क्लबात फोन करायचे. "चौबळसाहेब, आज पश्चिमेचा वारा. वेग आठ नॉट."

"नोंदलं," कॅप्टन म्हणायचे आणि फोन ठेवायचे. काहीएक नोंदत नसत. मला हसू यायचं. आम्हा सगळ्यांनाच यायचं.

एप्रिलच्या अखेरीस माझं महत्त्वाचं उड्डाण ठरलं. एकटीनं सोलापूरला जायचं, तिथं उतरायचं आणि परत यायचं. एवढं झालं की लायसन्सचे कागद पुढे जाणार होते. सोलापूरला मी झकास उतरले. परतीच्या वाटेवर गाणंही म्हणत होते, आणि तेवढ्यात समोरचं क्षितिज गायब झालं.

वळवाच्या आधी आमच्याकडे धुळीचा लोट उठतो तो ज्यानं पाहिलाय त्यालाच कळेल. जमिनीपासून वरपर्यंत नुसती तांबडी भिंत. धरणाचं पाणी नाही, कारखान्याची चिमणी नाही, ज्यावर नजर ठेवून मी घरी जायची ते काहीच दिसेना. रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला. "शलाका, इकडे येऊ नकोस. मला हँगरमधून धावपट्टी दिसत नाहीये. मागे फीर."

मी मागे वळून पाहिलं. सोलापूरच्या बाजूला ढग काळेठिक्कर झाले होते आणि त्यात विजा चमकत होत्या.

"सर, मागेही बंद झालंय."

रेडिओ खरखरला. मग, "खाली दिसतंय?"

"खाली दिसतंय. थोडं थोडं."

"मग दिसतंय तोवर काय ते ठरव. घाबरू नकोस." त्यानंतर आवाज तुटला.

मी पिशवीतून ते यंत्र काढलं. त्याला एक बटण होतं, 'सर्वांत जवळचा विमानतळ' दाखवणारं. दाबलं. कुंकवामुळे अडकलं, पुन्हा दाबलं. यादी उमटली. पहिला विमानतळ गुगळे मंगल कार्यालय. दुसरा पेट्रोलपंप. तिसरा प्राचार्य. चौथा एका संचालकांची पोल्ट्री. अख्खा पडदा भरून तालुक्यातली प्रतिष्ठित मंडळी माझ्या मदतीला उभी होती आणि त्यांतल्या एकाच्याही दारात विमान उतरत नव्हतं. आमचा खरा विमानतळ यादीत बसलाच नव्हता.

मी मोठ्यानं शिवी दिली. कुठली ते विचारू नका. आणि मग शेवटच्या ओळीवर नजर गेली: नाना.

वळले. यंत्रानं मला इमानानं त्यांच्या ओसरीवर आणलं, जिथं आम्ही चहा प्यायलो होतो. ओसरीवरून मान वर करून बघणारी माणसं दिसली. पण पट्टी कुठाय? घिरटी घेतली, आणि धुळीच्या फटीतून काहीतरी भगवं-पांढरं फडफडलं. पिशवी! ती वाऱ्यानं फुगून ताठ आडवी झाली होती आणि तिचं तोंड वायव्येकडे होतं. म्हणजे वारा तिकडून. म्हणजे तिच्या बाजूला दिसलेल्या पट्टीवर मी चुकीच्या टोकाकडून उतरायला निघाले होते. तसंच उतरले असते तर वारा पाठीवर घेऊन पट्टीच्या पलीकडच्या विहिरीत गेले असते. दुसऱ्या टोकाला गेले, तोंड वाऱ्याकडे केलं आणि उतरले. चाकं मुरमावर करकरली आणि विमान थांबलं. मी तिथंच बसून ढसाढसा रडले.

दार उघडलं तेव्हा समोर नानासाहेब. धोतर धुळीनं लाल, डोळे त्याहून लाल. "लागलं न्हाई ना गं कुठं? पोरी, लागलं न्हाई ना?" असं चारचारदा विचारून झालं. मग माणूस भानावर आला आणि त्याचा अध्यक्ष झाला. हार आला, नारळ आला, फोटोवाला आला. मला नको म्हणायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळल्यावर कॅप्टन आले आणि विमान उडवून घेऊन गेले. आणि तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात माझा हारासकट फोटो: 'हिंगमिरे विमानतळावर पहिल्या विमानाचे जल्लोषात आगमन'.

पेपर मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. विमान वाहतूक खात्यातून पत्र आलं की निमकर नावाचे अधिकारी जागेची पाहणी करायला येत आहेत.

कॅप्टननी नानासाहेबांना आणि मला क्लबात बसवलं. चंदूशेठ होतेच, न बोलावता.

"सरळ आहे," कॅप्टन म्हणाले. "हवामान बिघडलं म्हणून शेतात विमान उतरवलं, तर ते शहाणपण. त्याबद्दल हिला कोणी बोल लावणार नाही. पण तिथं विमानतळ आहे, कोनशिला आहे, यंत्रात त्याची नोंद आहे आणि उतरल्यावर हार आहे, तर मग हा ठरवून केलेला बेकायदा कार्यक्रम. चौकशी लागेल. वर्षभर लायसन्स विसरायचं."

मी नानासाहेबांकडे पाहिलं नाही. काय म्हणणार होते मी? की नाना, तुमची पट्टी खोटी आहे म्हणा? जिच्यावर मी जिवंत उतरले ती?

"म्हणजे ते शेत असलं पाहिजे," नानासाहेब म्हणाले.

"नुसतं असून भागणार नाही. तुम्हाला विचारतील. चारचौघांत विचारतील."

"हं." ते उठले. टोपी डोक्यावर ठेवली, काढली, परत ठेवली.

निमकर आले त्या दिवशी सगळं गाव मळ्यात लोटलं होतं. उद्घाटनाला जेवून गेलेलं हेच गाव. मी जीपमधून उतरले आणि बघतच राहिले. पट्टी नव्हती. मुरमासकट सगळी नांगरून टाकली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती ढेकळं. विहिरीजवळ एक बाई कपडे धूत होती, त्या दगडाची पॉलिश केलेली कड मी ओळखली. कोनशिला पालथी घातली होती. फक्त लोखंडी काठी आणि पिशवी तेवढी जागच्या जागी होती. सिमेंटमधून निघाली नसेल, की काढायला हात धजावला नसेल, देव जाणे.

निमकर बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बगलेतला पेपर उघडला, मिटला.

"नानासाहेब, हे काय आहे?"

"शेत हाय, साहेब."

"कसलं?"

"खरिपाची तयारी. भुईमूग टाकीन म्हणतो."

"आणि विमानतळ?"

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. नानासाहेबांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. तालुक्यात ज्यांच्या शब्दाला कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं, ते नानासाहेब सगळ्या गावाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "कसला विमानतळ, साहेब? म्हाताऱ्याची फुशारकी ती. आपलं उगंच. खोटं बोलत होतो मी सगळ्यांस्नी. इथं शेतच होतं नि शेतच हाय. ही पोर वादळात सापडली, तिला बिचारीला रान मोकळं दिसलं, उतरली. हार मी घातला. तिचा काय संबंध?"

कुणी हसलं नाही.

"पण क्लबच्या यंत्रात तर या जागेला विमानतळाचं चिन्ह आहे म्हणे," निमकर म्हणाले.

आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात चंदूशेठ गर्दीतून पुढे आले. इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो त्यांच्या हातात होता.

"साहेब, त्या यंत्रात माझं मंगल कार्यालयसुद्धा विमानतळ हाय," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर वऱ्हाड उतरतं, विमान न्हाई. मीच हट्ट केला होता. पोल्ट्री पण विमानतळ हाय. चला, दाखवतो. त्या यंत्रात खरं काय ते नुसतं ओहायो हाय."

निमकरांनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होते की काय, सांगता यायचं नाही. "यंत्र अपडेट करून घ्या, कॅप्टन. आपल्या भागाचं कार्ड घाला आणि ही सगळी ठिकाणं पुसून टाका."

"कार्ड कालच आलं," कॅप्टन म्हणाले.

निमकर ढेकळं तुडवत काठीपर्यंत गेले आणि वर बघत राहिले. "मग हे काय?"

नानासाहेबसुद्धा वर बघत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

"बुजगावणं," ते म्हणाले. "पाखरांसाठी."

"भितात?"

"भितात की."

काठीच्या टोकावर एक कावळा आरामात बसला होता. निमकरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पालथ्या दगडाकडे. "ठीक आहे. खराब हवामानामुळे शेतात सुरक्षित उतरवलं, असं मी अहवालात लिहितो. या मुलीचे कागद अडवायचं कारण नाही." ते गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "नानासाहेब, बुजगावणं छान शिवलंय हो. आत्ता वारा कुठून आहे?"

नानासाहेबांचं तोंड उघडलं होतं. उत्तर अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं.

"ते पाखरांना विचारा, साहेब," ते म्हणाले.

गाडी बांधावरून वळून दिसेनाशी झाली. गाव पांगायला लागलं. मी वाकून नानासाहेबांच्या पायाला हात लावला, तर म्हणाले, "अगं, ऊठ, ढेकळात कशाला बसतेस." चंदूशेठ आपल्या चपलेतली माती झटकत बसले होते, उगाचच, बराच वेळ. मग नानासाहेबांनी पिशवीकडे एकदा पाहिलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात कॅप्टनना म्हणाले, "वायव्येचा हाय. बारा नॉट."

कॅप्टननी खिशातून पेन काढलं आणि शोधून शोधून एक कागद काढला.

"नोंदलं," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.